कवटीतला दाब आणि मेंदूचा रक्तपुरवठा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोक्याला मार लागलेल्या, मेंदूत रक्तस्राव झालेल्या किंवा डोक्यात पाणी साठलेल्या रुग्णाच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं: “डोक्यातला दाब वाढलाय.” त्यानंतर सगळ्यांचं लक्ष त्या एका आकड्याकडे लागतं. दाबाची भीती मुख्यतः एका कारणासाठी असते, ती म्हणजे तो मेंदूला जाणारं रक्त अडवतो. खालची सगळी उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत. रुग्णाचे नातेवाईक, नर्सिंगचे विद्यार्थी आणि आयसीयूत नव्याने काम सुरू केलेले डॉक्टर या सगळ्यांना ती उपयोगी पडावीत. औषधांचे डोस समजण्यासाठी दिले आहेत, घरी वापरण्यासाठी नाहीत.

कवटीतला दाब म्हणजे नेमका कसला दाब?

मोठ्या माणसाची कवटी म्हणजे चारही बाजूंनी बंद हाडाची पेटी. तिच्यात साधारण १४०० ते १५०० मिली जागा असते. त्यातली सुमारे ८० टक्के मेंदू व्यापतो, १० टक्के रक्त आणि उरलेली १० टक्के मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे मस्तिष्कद्रव. या तिघांपैकी एकाचं आकारमान वाढलं तर बाकीच्या दोघांपैकी कुणाला तरी जागा सोडावी लागते, कारण हाड ताणलं जात नाही. हा विचार स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ साली मांडला आणि जॉर्ज केली यांनी १८२४ साली त्याला पुष्टी दिली. आजही या विषयाचा पाया तोच आहे.

मस्तिष्कद्रव साठून राहिलेलं पाणी नाही. ते दर तासाला सुमारे २० मिली, म्हणजे दिवसाला ५०० मिलीच्या आसपास तयार होतं. एका वेळी मेंदू आणि पाठीचा कणा मिळून त्याचा साठा असतो साधारण १५० मिली. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. बाहेर पडायची वाट बंद झाली तर दाब किती लवकर चढेल, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

नॉर्मल दाब किती?

आडवं झोपलेल्या मोठ्या माणसात ७ ते १५ मिमी पारा. मुलांमध्ये ३ ते ७, तान्ह्या बाळात त्याहूनही कमी. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना तो क्षणभर बराच वर जातो आणि लगेच उतरतो. त्याने काही बिघडत नाही. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णात तो २२ च्या वर टिकून राहिला तर उपचार करावेत, असं ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याआधी ही सीमा २० धरत असत.

एक गोंधळ नेहमी होतो. मणक्यातून पाणी काढताना दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात, आयसीयूत मिलिमीटर पाऱ्यात. १ मिमी पारा म्हणजे सुमारे १.३६ सेंमी पाणी. त्यामुळे रिपोर्टवर “२०” लिहिलेलं असेल तर आधी एकक पाहा. २० सेंमी पाणी हा नॉर्मल दाब आहे, २० मिमी पारा नाही.

बीपी वाढलं म्हणजे डोक्यातला दाब वाढला का?

नाही. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तवाहिन्यांमधला दाब आणि कवटीतला दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांचं बीपी वर्षानुवर्षं जास्त आहे अशा बहुतेकांचा कवटीतला दाब नॉर्मलच असतो. उलट, कवटीतला दाब वाढला तर बीपी मागोमाग वाढू शकतं आणि ते मेंदूच्या बचावासाठी वाढतं. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे, कारण तिथली चूक महागात पडते.

“सकाळी बोलत होता, दुपारी बेशुद्ध झाला.” असं अचानक कसं होतं?

बाहेरून ते अचानक वाटतं. आत मात्र बराच वेळ भरपाई चाललेली असते. रक्ताची गाठ वाढू लागली की आधी मस्तिष्कद्रव कवटीतून खाली मणक्याच्या पोकळीत सरकतो. मग शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं. या काळात गाठ १०-२० मिलीने वाढली तरी दाब फारसा हलत नाही, रुग्ण बोलतो, चालतो. सरकायला जागा उरली नाही की मात्र आणखी चार-पाच मिलीनेही दाब झपाट्याने चढतो. आलेखावर ही रेषा आधी जवळपास सपाट असते आणि मग एकदम उभी होते.

म्हणूनच रुग्ण त्या उभ्या भागात आहे की सपाट, हे कळणं एखाद्या आकड्यापेक्षा मोलाचं असतं. ते कळायची एक वाट मॉनिटरवरच असते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला कवटीतल्या दाबाची एक लाट उमटते आणि तिला तीन शिखरं असतात. पहिलं सर्वांत उंच आणि पुढची उतरती असतील तर मेंदूला अजून हालायला जागा आहे. दुसरं शिखर पहिल्यापेक्षा उंच झालं, लाट घुमटासारखी गोल दिसू लागली, तर आकडा १६ असला तरी गाफील राहू नये. कूस बदलणं किंवा घशातला कफ ओढणं यासारख्या साध्या गोष्टीनेही अशा रुग्णाचा दाब उसळतो आणि मिनिटंमिनिटं उतरत नाही.

वयस्कर माणसांचा मेंदू थोडा आकसलेला असतो, त्यामुळे त्यांच्याकडे मोकळी जागा जास्त. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठणारं रक्त त्यांच्यात आठवडेच्या आठवडे कुणाच्या लक्षात येत नाही, ते यामुळे.

मेंदूला रक्त तरी किती लागतं?

शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त घेतो, मिनिटाला ७०० ते ७५० मिली. हिशेब करायचा तर मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिली. हा पुरवठा २० च्या खाली गेला की पेशी काम थांबवतात. रुग्ण बेशुद्ध होतो, मेंदूचा विद्युत आलेख मंदावतो. पण पेशी अजून जिवंत असतात. १० ते १२ च्या खाली त्या मरू लागतात. थांबलेल्या पण न मेलेल्या याच पेशींसाठी सगळी धावपळ असते. मेंदूकडे ऑक्सिजनचा साठा जवळपास नसतो, म्हणून इथे मिनिटांचा हिशेब चालतो.

सीपीपी हा आकडा काय सांगतो?

सीपीपी म्हणजे मेंदूत रक्त ढकलणारा प्रत्यक्ष दाब. सूत्र सोपं आहे:

सीपीपी = सरासरी बीपी − कवटीतला दाब

सरासरी बीपी म्हणजे वरचा आणि खालचा मिळवून भागिले दोन, असं नाही. हृदय आकुंचनापेक्षा प्रसरणात जास्त वेळ घालवतं, म्हणून खालच्या आकड्यात दोन्हींमधल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवतात. बीपी १२०/८० असेल तर फरक ४०, त्याचा एक तृतीयांश साधारण १३, म्हणजे सरासरी ९३. मॉनिटरवर कंसात दिसतो तो हाच आकडा. कवटीतला दाब १० असेल तर सीपीपी ८३, उत्तम.

आता दुसरा रुग्ण घ्या. बीपी १००/५५, सरासरी ७०. कवटीतला दाब २५. सीपीपी फक्त ४५. यातला कुठलाही एक आकडा एकटा पाहिला तर फार भीषण वाटत नाही. वजाबाकी केल्यावर कळतं की मेंदू उपाशी आहे. डोक्याला गंभीर मार लागलेल्या मोठ्या माणसात सीपीपी ६० ते ७० दरम्यान ठेवायचा असतो. तो औषधं आणि सलाईनच्या जोरावर ७० च्या बराच वर रेटल्याने फायदा होत नाही, उलट फुफ्फुसांना सूज येण्याचा धोका वाढतो.

या वजाबाकीत एक सापळा आहे. कवटीतल्या दाबाचा शून्यबिंदू कानाच्या भोकापुढच्या कूर्चेच्या उंचवट्याशी धरतात, तर बीपीचा सेन्सर सवयीने हृदयाच्या पातळीला लावलेला असतो. डोकं ३० अंश वर केलं की मोठ्या माणसात कान हृदयापेक्षा साधारण १५ सेंमी उंच जातो आणि तेवढं चढायला रक्ताचा सुमारे ११ मिमी पारा दाब खर्च होतो. म्हणजे मॉनिटर ६२ दाखवत असेल तर मेंदूला मिळतात ५१. दोन्ही सेन्सर कानाच्या पातळीला आणले की हा फरक नाहीसा होतो. कुठल्या पातळीचा आकडा आहे हे चार्टवर लिहिलेलं नसेल, तर पाळी बदलताना त्याचा अर्थही बदलतो. ही बाब फार ठिकाणी दुर्लक्षित राहते असं आमचं स्पष्ट मत आहे.

बीपी कमी-जास्त झालं तर मेंदू स्वतः सांभाळून घेत नाही का?

निरोगी मेंदू घेतो. सरासरी बीपी साधारण ५० ते १५० च्या दरम्यान कुठेही असलं तरी मेंदूच्या छोट्या धमन्या रुंद किंवा अरुंद होऊन रक्तप्रवाह जवळपास सारखा ठेवतात. डेन्मार्कचे नील्स लासेन यांनी १९५९ साली हे मांडलं. ही ५० ची खालची सीमा सगळ्यांना लागू होत नाही, अनेकांत ती याहून वरच असते. ज्यांना जुनं उच्च रक्तदाबाचं दुखणं आहे त्यांची तर सगळी कक्षाच वर सरकलेली असते. इतरांना चालेल असं बीपी त्यांच्या मेंदूला अपुरं पडतं.

मार लागलेल्या मेंदूत ही व्यवस्था काही भागात किंवा पूर्ण कोलमडते. मग रक्तप्रवाह बीपीच्या मागे फरपटत जातो, बीपी पडलं की तोही पडतो.

व्यवस्था शाबूत असेल तेव्हाही एक दुष्टचक्र सुरू होऊ शकतं. बीपी थोडं उतरतं, धमन्या भरपाईसाठी रुंदावतात, त्यामुळे कवटीत रक्ताचं आकारमान वाढतं, दाब चढतो, सीपीपी आणखी घसरतो, धमन्या आणखी रुंदावतात. दाब ५० ते १०० मिमी पाऱ्यापर्यंत जाऊन पाच ते वीस मिनिटं तिथेच टिकतो. स्वीडनचे निल्स लुंडबर्ग यांनी १९६० साली या लाटा नोंदवल्या. अशा वेळी बीपी योग्य पातळीला आणलं तर दाब उतरू शकतो. बीपी वाढवल्यावर कवटीतला दाब कमी व्हावा हे ऐकायला उलटं वाटतं, पण वरची साखळी उलट्या दिशेने वाचली की पटतं.

व्हेंटिलेटरवर कार्बन डायऑक्साइडला इतकं महत्त्व का?

कारण मेंदूच्या धमन्या त्याच्या तालावर चालतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब १ मिमीने बदलला की मेंदूचा रक्तप्रवाह साधारण ३ टक्क्यांनी बदलतो. तो ४० वरून ५५ ला गेला, म्हणजे श्वास अपुरा पडला, तर धमन्या फुगतात आणि कवटीतला दाब चढतो. जोरात श्वास देऊन तो २५ वर आणला तर दाब झटकन उतरतो, पण त्यासाठी रक्तप्रवाह कापला जातो. आकडा सुधारला आणि मेंदू उपाशी राहिला, असं होतं. शिवाय काही तासांत मस्तिष्कद्रव स्वतःची आम्लता जुळवून घेतो आणि परिणाम ओसरतो. मग श्वास एकदम पूर्ववत केला तर दाब उसळी घेतो. म्हणून नेहमीचं लक्ष्य ३५ ते ४० च्या आसपास. जोरात श्वास देणं हा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचेपर्यंतचा, काही मिनिटांचा उपाय आहे.

कोणती लक्षणं दिसली की थांबू नये?

डोकेदुखी बहुतेकांना कधी ना कधी होते आणि तिच्यामागे कवटीतला दाब क्वचितच असतो. संशय येतो तो तिच्या वागण्यावरून: पहाटे किंवा सकाळी उठताना जास्त, आडवं झाल्यावर, खोकल्यावर, वाकल्यावर वाढणारी, दिवसेंदिवस चढत जाणारी. सोबत मळमळ नसताना होणाऱ्या उलट्या, वाकल्यावर किंवा उठल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी, नाडीच्या तालात कानात घुमणारा आवाज, लांबचं पाहताना एकाचे दोन दिसणं. डोळा बाहेरच्या बाजूला फिरवणारी सहावी नस लांब वाटेने येते आणि दाबाखाली ताणली जाते, म्हणून हे दुहेरी दिसणं. यातलं काही असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून आतली शीर, म्हणजे दृष्टीची नस, सुजली आहे का ते तपासून घ्यावं. मात्र ही सूज यायला तास ते दिवस लागतात. ताज्या अपघातात शीर नॉर्मल दिसली म्हणून दाब नॉर्मल, असं म्हणता येत नाही.

ताबडतोब रुग्णालय गाठण्याची लक्षणं वेगळी आहेत. गुंगी वाढत जाणं, हाक मारल्यावर उशिरा ओ देणं, असंबद्ध बोलणं, झटका येणं, शरीराची एक बाजू लुळी पडणं, आणि एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी होऊन प्रकाशात न आकसणं. शेवटचं लक्षण मेंदूचा आतला कोपरा खाली सरकून तिसऱ्या नसेला दाबतोय याचं असू शकतं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला “झोपू दे, दमलाय” म्हणून सोडू नका. जागं करून नाव, जागा, वार विचारा.

तान्ह्या बाळात कसं ओळखायचं?

बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात, त्यामुळे डोकं मोठं होऊन दाब काही काळ सामावून घेतं. बाळ शांत आणि उभं धरलेलं असतानाही टाळू फुगलेली आणि ताठ लागणं, डोक्याचा घेर वाढीच्या तक्त्यावरच्या रेषा ओलांडत जाणं, कपाळावरच्या शिरा ठसठशीत दिसणं, नजर खाली वळून बुबुळावरचा पांढरा भाग दिसत राहणं, दूध ओढायची ताकद कमी होणं. रडताना टाळू फुगणं नॉर्मल आहे. घेर दर वेळी त्याच पद्धतीने, भुवयांच्या वर आणि डोक्यामागच्या सर्वांत उंच भागावरून टेप फिरवून मोजावा. वाकडा टेप सेंटिमीटरभराचा फरक सहज दाखवतो.

दाब वाढतो कशाकशाने?

रक्ताची गाठ, मेंदूतली गाठ, पू, मार लागून किंवा रक्तपुरवठा तुटून आलेली सूज, मेंदूज्वर, मस्तिष्कद्रवाची वाट अडणं, रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होणं, यकृत अचानक निकामी होणं, सोडियम वेगाने घसरणं. यांपैकी शिरेतली गुठळी सर्वांत जास्त निसटते, कारण साध्या सीटी स्कॅनमध्ये ती नेहमी दिसत नाही. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना नवी, वाढत जाणारी डोकेदुखी सुरू झाली तर शिरांचं वेगळं चित्रण करायला हवं.

सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग दाबाची शंका का?

स्कॅन त्या क्षणाचं चित्र देतो आणि दाब मोजत नाही. मार लागल्यानंतर पहिल्या तासाभरात काढलेल्या स्कॅनमध्ये पुढे वाढणारी गाठ छोटी असू शकते. शुद्ध कमी होत असेल तर स्कॅन पुन्हा करतात.

उलट प्रश्नही येतो: थेट मणक्यातून पाणी काढून दाब का मोजत नाहीत? कवटीत एका बाजूला मोठी गाठ असताना खालून पाणी काढलं तर वरचा मेंदू त्या दिशेने सरकून मेंदूच्या देठावर दाबला जाऊ शकतो. म्हणून शुद्ध कमी असेल, एक बाजू लुळी असेल किंवा डोळ्याची शीर सुजलेली असेल तर आधी स्कॅन, मग सुई. मात्र जिवाणूंच्या मेंदूज्वराचा संशय असेल तर स्कॅनची वाट पाहत अँटिबायोटिक थांबवू नये.

कवटीतला दाब प्रत्यक्ष मोजतात कसा? आणि ती नळी लावली असताना काय जपायचं?

दोन मुख्य पद्धती. एक, मेंदूच्या गाभ्यात बारीक सेन्सर बसवणं. तो बसवायला सोपा असतो, पण एकदा आत गेल्यावर सहसा पुन्हा शून्यावर आणता येत नाही, त्यामुळे दिवसांगणिक आकडा थोडा सरकू शकतो. दोन, मेंदूच्या पोकळीत नळी घालून बाहेर पिशवीला जोडणं, म्हणजे ईव्हीडी. हिने दाब मोजताही येतो आणि पाणी काढून कमीही करता येतो. तोटा म्हणजे जंतुसंसर्ग आणि नळी घालताना रक्तस्रावाचा धोका.

ईव्हीडीत बिघडतं ते बहुतेक वेळा उंचीमुळे. थेंब जिथे पडतात त्या कक्षाची उंची कानाच्या पातळीपासून मोजून ठेवतात. कक्ष १५ सेंमी वर असेल तर कवटीतला दाब सुमारे ११ मिमी पाऱ्याच्या वर गेल्यावरच पाणी बाहेर पडतं. आता कुणी रुग्णाला बसतं केलं, पलंग वर घेतला, आणि कक्ष होता तिथेच राहिला, तर कक्ष डोक्याच्या तुलनेत खाली गेला. मिनिटांत भरपूर पाणी वाहून जातं, पोकळ्या आकसतात, मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरा ताणून फाटू शकतात. म्हणून पलंग हलवायच्या आधी नळी बंद करायची, नवी पातळी जुळवायची आणि मगच उघडायची. उघडायला विसरणं हाही तितकाच मोठा धोका. नातेवाइकांनी पलंगाचा दांडा स्वतः फिरवू नये, यामागचं कारण हे.

दुसरी नेहमीची चूक: नळी वाहती ठेवूनच मॉनिटरवरचा आकडा टिपणं. पाणी बाहेर पडत असताना आकडा कक्षाच्या उंचीच्या आसपासच घुटमळतो. खरा दाब वाचायचा तर वाहणं थांबवून मिनिटभर थांबायचं आणि मग नोंद करायची. तासाला निघणारं पाणी एकदम शून्य झालं तर आधी नळी दुमडली आहे का, तोटी बंद राहिली आहे का ते पाहा. नळीतल्या पाण्याची पातळी नाडीबरोबर हलत असेल तर वाट बहुधा मोकळी आहे.

असा सेन्सर उपलब्ध नसेल तर?

उपचार थांबत नाहीत. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ रुग्णांवर झालेला आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच प्रश्नाचा होता. एका गटात सेन्सरच्या आकड्यावर उपचार, दुसऱ्यात वारंवार तपासणी आणि स्कॅनवर. दोन्ही गटांची सुधारणा सारखीच आली. सेन्सर निरुपयोगी, असा याचा अर्थ काढू नये. दुसऱ्या गटावरही ठरलेल्या नियमाने, अत्यंत बारकाईने लक्ष होतं. दर तासाला शुद्ध आणि बाहुल्या तपासणं हे उपकरण कुठेही मिळतं. शुद्धीसाठी १९७४ साली ग्लासगोत तयार झालेली ३ ते १५ गुणांची मोजणी वापरतात. ८ किंवा कमी गुण म्हणजे रुग्ण स्वतःचा श्वासमार्ग सांभाळू शकत नाही असं धरून चालतात. एकूण गुण दोनने घसरले तरी तातडीने डॉक्टरांना कळवायचं.

उपचारात सगळ्यांत आधी काय?

साध्या गोष्टी आधी. डोकं ३० अंश वर, मान सरळ मध्यावर. मान एका बाजूला वळली किंवा श्वासनळीची पट्टी, मानेचा पट्टा आवळला गेला तर मानेतल्या शिरा दबतात आणि रक्त कवटीत तुंबतं. दाब अचानक चढला की औषधाआधी मानेकडे हात जायला हवा. मग श्वासनळी मोकळी आहे का, मूत्राशय तुंबलंय का, वेदना आहे का, ताप आहे का. ताप एका अंश सेल्सिअसने वाढला की मेंदूची गरज सहा-सात टक्क्यांनी वाढते. झटक्यांनी ती त्याहून कितीतरी पटींनी वाढते, आणि गुंगीचं औषध चालू असताना झटका बाहेरून दिसतही नाही. कफ ओढताना आधी पूर्ण ऑक्सिजन देऊन एका वेळी १० ते १५ सेकंदांच्या पुढे जाऊ नये.

मॅनिटॉल आणि दाट मिठाचं सलाईन यात चांगलं कोणतं?

दोन्ही मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेतात. मॅनिटॉलचा डोस वजनाच्या दर किलोला ०.२५ ते १ ग्रॅम, १० ते २० मिनिटांत. २० टक्के मॅनिटॉलच्या १०० मिलीत २० ग्रॅम असतं. ६० किलोच्या रुग्णाला अर्धा ग्रॅम दराने ३० ग्रॅम, म्हणजे १५० मिली. थंडीत बाटलीत त्याचे खडे जमतात, म्हणून उजेडात धरून पाहायचं, खडे असतील तर गरम करून विरघळवायचं, आणि गाळणी असलेल्या सेटनेच द्यायचं.

मॅनिटॉलने लघवी भरपूर होते. ती भरून काढली नाही तर बीपी पडतं आणि दाब उतरूनही सीपीपी जागच्या जागी राहतो किंवा घसरतो. म्हणून बीपी आधीच कमी असेल तर दाट सलाईन बरं. ते रक्ताचं आकारमान टिकवतं. ३ टक्क्यांचं साधारण २५० मिली देतात. २३.४ टक्क्यांचं ३० मिली फक्त मोठ्या शिरेतल्या नळीतून. सोडियम १५५-१६० च्या पुढे जाऊ देत नाहीत. मॅनिटॉल देताना रक्ताची ऑस्मोलॅलिटी (रक्तात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) ३२० च्या वर गेली तर मूत्रपिंडाची काळजी. ठरलेल्या वेळी “आठ-आठ तासांनी” आठवडाभर मॅनिटॉल देत राहणं आम्हाला पटत नाही. दाब चढलाय याचा पुरावा असताना द्यावं आणि परिणाम पाहून पुढचं ठरवावं.

सलाईन कमी दिलं तर सूज कमी होईल ना?

नाही. कोरडा पडलेला रुग्ण म्हणजे कमी बीपी, म्हणजे कमी सीपीपी. प्रमाण पुरेसं ठेवायचं, प्रकार जपायचा. ५ टक्के डेक्स्ट्रोजसारख्या द्रवातली साखर शरीर वापरून टाकतं आणि उरलेलं साधं पाणी मेंदूत शिरतं. नॉर्मल सलाईन त्यापेक्षा सुरक्षित. साखर घसरलेली असेल तर ती अर्थातच द्यावीच लागते.

स्टेरॉइड दिल्याने सूज उतरते का?

कुठली सूज, यावर आहे. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोनने एक-दोन दिवसांत छान उतरते. क्षयाच्या मेंदूज्वरातही ते देतात. डोक्याला मार लागलेल्यांना मात्र नाही. क्रॅश या चाचणीत १०,००८ रुग्णांचा अभ्यास झाला. २००४ साली आलेल्या तिच्या निष्कर्षात स्टेरॉइड दिलेल्यांचे पहिल्या दोन आठवड्यांतले मृत्यू २१.१ टक्के होते, न दिलेल्यांचे १७.९ टक्के.

बीपी १९०, नाडी ४८. बीपी का उतरवत नाहीत?

बीपी चढणं, नाडी मंदावणं आणि श्वास अनियमित होणं ही त्रयी हार्वे कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सविस्तर अभ्यासली. मेंदूच्या देठाला रक्त कमी पडू लागलं की शरीर बीपी चढवून वाढलेल्या दाबावर मात करायला पाहतं. सरासरी बीपी १२५ आणि कवटीतला दाब ६० असेल तर सीपीपी ६५, जेमतेम पुरेसा. इथे कुणी घाईने बीपीची गोळी किंवा इंजेक्शन देऊन सरासरी ८० वर आणली तर उरतात २०. अशा वेळी उपचार करायचे ते कवटीतल्या दाबावर. ही त्रयी उशिराची खूण आहे, ती पूर्ण दिसेपर्यंत थांबायचं नसतं.

मेंदूत नुकताच रक्तस्राव झालेल्या रुग्णाचं बीपी ठरावीक मर्यादेत उतरवतात, तो निर्णय वेगळा आणि मोजून मापून घेतलेला असतो.

कवटीचं हाड काढून ठेवतात म्हणजे काय? त्याने रुग्ण बरा होतो का?

सूज बाहेरच्या दिशेने पसरायला जागा करून देण्यासाठी हाडाचा मोठा तुकडा काढून पोटाच्या त्वचेखाली किंवा शीतपेटीत ठेवतात आणि आठवड्यांनी-महिन्यांनी परत बसवतात. दाब नक्की उतरतो. पुढचं सरळ नाही, आणि घरच्यांना हे आधी स्पष्ट सांगायला हवं. २०१६ सालच्या रेस्क्यूआयसीपी चाचणीत इतर उपायांना न जुमानणारा दाब असलेल्यांमध्ये सहा महिन्यांनी मृत्यूचं प्रमाण शस्त्रक्रियेने ४८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आलं. पण वाचलेल्यांपैकी अनेकजण दुसऱ्यांवर अवलंबून राहिले, आणि भान नसलेल्या अवस्थेत जगणाऱ्यांचं प्रमाण २.१ वरून ८.५ टक्के झालं. रुग्णाने आधी कधी अशा आयुष्याबद्दल काही म्हटलं असेल तर ते डॉक्टरांना या टप्प्यावर सांगा. हाड नसलेल्या बाजूवर झोपवायचं नाही, आणि उठून हिंडायला लागल्यावर संरक्षक टोपी घालायची.

स्कॅनमध्ये काहीच नाही, तरी दाब जास्त, असं होतं का?

होतं. बहुतेक वेळा मूल होण्याच्या वयातल्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये. मणक्यातला दाब २५ सेंमी पाणी किंवा जास्त भरतो, डोळ्याची शीर सुजलेली असते. डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वाचा अतिरेक यांनीही असं होऊ शकतं, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. जिवाला धोका नसतो, धोका नजरेला असतो. वजन ५ ते १० टक्के कमी झालं तरी चांगला फरक पडतो. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी मस्तिष्कद्रव कमी तयार होतो. बोटांना मुंग्या येणं हा तिचा नेहमीचा परिणाम आहे, त्यासाठी गोळी स्वतःहून बंद करू नका. डोकेदुखी थांबली तरी नजरेच्या क्षेत्राची तपासणी ठरलेल्या तारखेला करायचीच, कारण कडेची नजर नकळत जाते.

शंट बसवला आहे. घरी कशावर लक्ष ठेवायचं?

शंट म्हणजे मेंदूतलं जादा पाणी त्वचेखालून पोटात सोडणारी नळी. ती तुंबू शकते, तुटू शकते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. शेवटचं बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. पुन्हा सुरू झालेली डोकेदुखी आणि उलट्या, वाढती झोप, अभ्यासातली घसरण, नळीच्या वाटेवर लाली किंवा सूज, कारण न सापडणारा ताप, यातलं काहीही दिसलं तर ज्या विभागात शंट बसवला तिथेच दाखवा. मुलाची आई म्हणते “हे मागच्या वेळेसारखंच आहे,” तेव्हा ते बहुधा खरं असतं, स्कॅन काहीही म्हणो. उभं राहिल्यावर डोकं दुखतं आणि आडवं झाल्यावर थांबतं, असं असेल तर पाणी जास्त वाहून जातंय. बाहेरून चुंबकाने जुळवता येणारा व्हॉल्व्ह असेल तर प्रत्येक एमआरआयनंतर त्याचा आकडा तपासून घ्यावा लागतो, म्हणून व्हॉल्व्हचा प्रकार आणि ठरवलेला आकडा लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो फोनमध्ये.